खिडकीखालचा अळू

नवघर, भाईंदर पूर्व
२० जुलै २०२५

चि. सौ. आशा हिस,
लवूदादाचे अ. उ. आ.

फोनवर मी तावातावाने बोलतो आणि तू नुसती हसतेस, म्हणून लिहितोय. आईच्या परसातल्या अळूचे कंद तू खेडहून पाठवलेस, ते माझ्या खिडकीखालच्या वाफ्यात आता गुडघाभर झालेत. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून तुझी उर्मिलावहिनी त्या अळूला लेकरासारखं जपते. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या ममताबाईंचा लड्डू, म्हणजे कुत्रा गं, रोज सकाळी नेमका त्यावरच पाय वर करतो! निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, तर पठ्ठ्या बाटलीवरही करून गेला. बाईंना सांगायला गेलो तर म्हणाल्या, अंकल, वो तो बच्चा है. घोड्याएवढा बच्चा! काल सोसायटीत लेखी तक्रारच दिली.

मुलांना गोड पापा.
तुझा,
लवूदादा

खेड
२९ जुलै २०२५

ती. लवूदादास,
आशाचा शि. सा. न. वि. वि.

हे म्हणतात, लवूदादांना निवृत्तीनंतर बरं काम मिळालं! पण दादा, लेखी कशाला दिलंस रे? तो वाफा तुझ्या नावावर आहे का? तोंडाने हवं तेवढं भांडायचं, कागद कशाला हलवायचा? यंदा ऋषीची भाजी खायला मीही येतेय. आईच्या अळूची चव तोंडाला लागून चार वर्षं झाली, आणि परसात उरले होते ते कंद सगळे तुलाच पाठवले. तेवढं सांभाळ.

वहिनीला नमस्कार, तुझ्यावर राग नाही.
तुझी,
आशा

नवघर
१७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. आशा हिस, अ. उ. आ.

तुझी जीभ काळी आहे का गं? तक्रार वाचून सेक्रेटरी निकेतने बिल्डिंगचा नकाशाच काढला. म्हणे वाफा सोसायटीच्या जागेत. उपटून पेव्हर ब्लॉक टाकू, स्कूटर लावायला. तेही गणपतीच्या आत! एकोणतीस वर्षं माती मी कालवली.

आज मीटिंगमध्ये हात वर करायची वेळ आली, तर ममताबाई ताडकन उभ्या! निकेतला असा झापला की विचारू नकोस. उन्हात ब्लॉक तापले की लड्डूचे पाय भाजतील, मग तो जाणार कुठे, रिक्षाखाली? वरच्या दोन घरांतही कुत्री आहेत, ती माणसंही त्यांच्या बाजूने. ब्लॉक रद्द, वाफा राहिला.

जिना उतरताना बाईंनी मला बजावलं, आता सकाळी ओरडायचं नाही, लड्डू घाबरतो, मग त्याला होत नाही. मी मान डोलावली. उर्मिलाने भाजीपुरता अळू उपटून बादल्यांत लावलाय, ग्रिलमध्ये. उरलेला लड्डूला सोडला. उद्यापासून साडेसहाला मी खिडकीकडे पाठ करून बसणार आहे.

तू लवकर ये, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
लवूदादा