खिडकीची सीट आणि हब-मोटर

६ एप्रिल, रविवार
निर्णय झाला. मानेसरला कंपनीच्या बसने जाणं बंद. सायकलला बॅटरीची मोटर बसवणार. हेल्परचा सुपरवायझर झालो, तो काय बसमध्ये बसून? आमची प्रेमला म्हणाली, बसमध्ये बसूनच की, अकरा वर्षं. बायकोला व्हिजन नाही.

७ एप्रिल
बसमधली माझी खिडकीची सीट माझ्यानंतर नंबर असलेल्या वाल्मीकला जाहीरपणे देऊन टाकली. आमच्याकडे सीट सीनियॉरिटीने मिळते आणि रिटायर झाल्यावरच सुटते. सावलीची बाजू. पडदाही मीच शिवून लावलेला. वाल्मीक पाया पडला. मागच्या सीटवरून राघव हळूच म्हणाला, लौट आएँगे. माझे कान तिखट आहेत.

१३ एप्रिल, रविवार
दिल्लीच्या झंडेवालान सायकल बाजारातून हब-मोटरची किट आणली, चाकातच बसणारी. दुकानदार म्हणाला, लगवा दूँ? असेंब्ली लाइनवर जन्म काढलेल्या माणसाला विचारतो! घरी स्वतः बसवली. मोटर फर्स्ट क्लास. फक्त चाक उलटं फिरतं. सायकल मागे मागे येत दारातल्या कुरडयांत शिरली. प्रेमला म्हणाली, अहो, तुम्हाला ऑफिसला जायचंय की ऑफिसातून यायचंय?

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी. मिरवणुकीआधी चाक सुलटं केलं. घरात वाच्यता नाही.

१६ एप्रिल
शुभारंभ! हायवेवर आमच्या बसला ओव्हरटेक केलं. बस जॅममध्ये उभी होती, पण ओव्हरटेक तो ओव्हरटेक. येताना बॅटरी संपली. मोटर-बॅटरीसकट सायकल पायडल मारत आणली. जिमचं काम फुकटात झालं.

२ मे
नवा प्लॅन : जाताना पायडल, येताना मोटर. रात्री राजासारखं यायचं.
आज बसने मला ओव्हरटेक केलं. वाल्मीकने पडदा सारून हात हलवला. माझा पडदा.

८ मे
पुन्हा लेट. शर्ट पिळून घातल्यासारखा. एचआरच्या सोनम मॅडम कौतुकाने म्हणाल्या, सर, आप तो टाइम के बिल्कुल पक्के थे. त्यातलं 'थे' नीट ऐकू आलं.

१८ मे, रविवार
या उन्हात बॅटरीचं आयुष्य घटतं, असं वाचलं. तिच्या भल्यासाठी दिवाळीपर्यंत सायकलला विश्रांती. माघार घेण्याचा प्रश्नच नाही. प्रेमलाने बसचा पास हातात ठेवला. जपून ठेवला होता तिने.

१९ मे
बसमध्ये सगळे एकेक सीट पुढे सरकलेले. वाल्मीकपाशी उभा राहून दोनदा खोकलो. झोपला असावा, पडदा ओढलेला होता. राघव आदराने म्हणाला, सर, आगे इंजन पे जगह है.
ड्रायव्हरशेजारी बोनेटवर बसलो. मानेसरपर्यंत खालून चटके. मोटर मात्र एकदाही बंद पडली नाही.