तांबीचा जीव सरोजवर

पंचवटी, नाशिक
भाद्रपद वद्य दशमी, शके १९०५

ती. आप्पांच्या सेवेशी शामसुंदरचा साष्टांग नमस्कार.

चांदवडला सर्व मंडळी खुशाल असावीत. तुमचा गुडघा आणि वहिनींचा दमा आटोक्यात असेल, अशी आशा करतो. (सरोजची प्रकृती विचारत नाही. विचारायची नाही असं तिनेच बजावलं आहे.) इकडचं क्षेम लिहावं म्हणून तीनदा पेन उचललं, पण इतकं खोटं लिहवेना.

तुमची बहीण माहेरी येऊन आज एकोणीस दिवस झाले. चूक कोणाची ते तिने सांगितलं असेलच, आणि ते खरंच आहे. तरी माझंही ऐका. आमच्या कचेरीत एका सद्गृहस्थांचं स्वावलंबनावर व्याख्यान झालं. दुकानावर अवलंबून राहणं ही गुलामगिरी, असं ते म्हणाले. (ते स्वतः टॅक्सीने आले होते, हे मला फार उशिरा आठवलं.) झालं, मी पेटलो. घरी साबण केला. त्याने कपड्यांचा मळ राहिला आणि रंग गेला. तुम्ही पाठवलेले दोन पोती कांदे वर्षभर टिकावेत म्हणून नळाखाली एकेक स्वच्छ धुऊन माळ्यावर रचले. पंधरा दिवसांत शेजारचे कारभारी मास्तर नाकाला रुमाल लावून दारात उभे! मग तुम्हीच निवडून दिलेली तांबी गाय आणली. इथवर सरोजने सगळं सोसलं, धारही तीच काढायची. पण घरच्या गोवऱ्या असताना गॅस कशाला, म्हणून मी सिलिंडर एजन्सीत परत देऊन आलो, त्या दिवशी ती पिशवी भरून निघाली. सहा वर्षांनी नंबर लागलेला गॅस, आप्पा! आता आठवलं की मलाच रडू येतं.

ते असो. खरा प्रश्न तांबीचा आहे. सरोज गेल्यापासून ती मला कासेला हात लावू देत नाही. (लाथा कुठे कुठे बसल्या ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.) चारा खात नाही, नुसती हंबरते. भिकन गवळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, तिला बाईमाणसाची सवय हाय. वहिनींचं लुगडं नेसून बसा, नाय तर थेंब मिळायचा नाय." मी नेसलो, आप्पा. दांडीवर राहिलेली सरोजची हिरवी साडी, डोक्यावरून पदर घेऊन, भर सकाळी, दारात. आणि तांबी पान्हावली! अर्धं भांडं भरलं. पण काल अविधवा नवमी होती, हे माझ्या ध्यानातच नाही. रामकुंडावर आलेलं परगावचं एक कुटुंब जेवायला सवाष्ण शोधत गल्लीत फिरत होतं. त्यातल्या आजीबाई मागून आल्या, "बाई, आमच्याकडे जेवायला येता का?" म्हणत कुंकू लावायला वाकल्या. मी दचकून मान वर केली, आणि त्यांचं बोट थेट माझ्या मिशीत. त्या किंचाळल्या, तांबी उधळली, पदर तिच्या खुराखाली, दूध गटारात. अर्धी पंचवटी बघायला जमली होती. आज कचेरीत शिपायासकट सगळ्यांनी मला जेवायचं आमंत्रण दिलं.

माझी हौस फिटली. पण मुक्या जनावराचा काय दोष? तांबीचा सारा जीव सरोजवर आहे, तिचे हाल बघवत नाहीत. निदान गाईसाठी तरी सरोजला धाडून द्यावं, ही विनंती. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
शामसुंदर

ता. क. साडी फाटली आहे. सरोजला कळू देऊ नये.

ता. क. दुसरा. तांबीचं लिहिलं ते तितकंसं खरं नाही. कालच संध्याकाळी ती भिकनला देऊन टाकली. आज बघायला गेलो, तर पोटभर खात होती, माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आप्पा, मला घर खायला उठतं. पुढच्या रविवारी पहिल्या एस.टी.ने येतो. मी आलो तर सरोज बाहेर येईल का, एवढं तिला विचारून ठेवा. नाही म्हणाली, तर मला कळवू नका.