शेगडीला परवानगी नाही

११ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.

नवी डायरी, नवं काम. २०३०पर्यंतची आरोग्याची ध्येयं जगाने ठरवून पाठवली आहेत. ती आपल्या लाओसच्या आरोग्य धोरणात बसवायची. प्रकरण तीन, माता-आरोग्य, माझ्याकडे. विलायवान मॅडम म्हणाल्या, फुवियेंग, बाकी कोणी मोकळं नाही, तुम्हीच घ्या. मोठी माणसं कौतुक असं आडून करतात.

जगाचं म्हणणं: लाख जन्मांमागे सत्तरपेक्षा कमी आया दगावाव्यात. आमचा आकडा कितीतरी वर. कारण उघड आहे. खात्यात नीट लिहिता येणारा माणूसच नाही. आजपर्यंत नव्हता.

संकल्प: रोज पाच पानं. फेब्रुवारीअखेर प्रकरण हातावेगळं. आज मुखपृष्ठ झालं. फॉन्ट तीनदा बदलला.

१४ जानेवारी, गुरुवार.

सल्लामसलतीची बैठक. मॅडमचा हट्ट, की खेड्यापाड्यांतली माणसंही हवीत. आली. दूर उत्तरेच्या फोंगसाली प्रांतातल्या नामखा गावाहून चान्सुक नावाची सरकारी सुईण आली. दोन दिवस बसमध्ये बसून आलेली, आणि अवतार तसाच. भर बैठकीत टोपली उघडून चिकट भात खाल्ला. शेजारी बसलेल्या संचालकांनाही गोळा दिला. त्यांनी घेतला. खात्याची पातळी ही.

मी विचारलं, बायका आरोग्य केंद्रात बाळंत व्हायला का येत नाहीत? म्हणाली, साहेब, तुमच्याकडे शेगडी नाही.

मग मी परदेशातून आल्यासारखं मला समजावत बसली. बाळंतीण दोन आठवडे बाजेवर निजते, बाजेखाली निखारे, प्यायला गरम काढा. केंद्रात फरशी, पंखा आणि फिनेलचा वास. सासवा म्हणतात, तिथे पोरगी गारठून मरेल, घरीच उरकू. घरी रक्त जायला लागलं की मग मला हाक मारतात. कधी मी वेळेवर पोचते साहेब, कधी नाही.

मी तक्त्यात लिहिलं: सांस्कृतिक अडथळा. ओळ सतरा. हिला सांगायला अर्धा तास लागला, मला दोन शब्द. यालाच धोरण म्हणतात.

३ फेब्रुवारी, बुधवार.

चान्सुकबाईंचं पत्र. केंद्राला लागून एक खोली हवी. बांबू गावचा, पत्रे गावचे, मेहनत गावची. धूर जायला पाईप लावू. आमच्याकडून फक्त परवानगी आणि धोरणात एक ओळ.

जगाच्या ध्येयांत शेगडी कुठे आहे, दाखवा म्हणावं. एकशे एकोणसत्तर उपध्येयं पाठ आहेत मला (जवळजवळ). पत्रावर शेरा मारला: निर्देशांकांशी सुसंगत नाही. शेरा इतका नेमका जमला की दोनदा वाचला.

पानं: चार. त्यात अनुक्रमणिका दोन. सुधारित संकल्प: आठवड्याला पाच.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपार.

मालायचा फोन. आमची एकुलती एक. तिकडेच नामखाच्या शाळेत शिकवते. नवरा तिथलाच मास्तर, सासूही अर्थात तिथलीच. तिला दिवस गेलेत. जूनच्या वीसच्या आसपास.

मी तिला सांगितलं, महिनाभर आधी प्रांताच्या मोठ्या इस्पितळात जाऊन राहायचं. माझ्या प्रकरणात पान एकेचाळीसवर हेच लिहिलेलं असणार आहे. ती म्हणाली, बाबा, सासूबाईंना विचारते. मी म्हटलं, सासूबाईंचा निर्देशांकांशी काय संबंध? ती म्हणाली, हं. हं म्हणजे होकार.

बुआफान, म्हणजे आमच्या सौ., चुलीपाशी हसत होत्या. म्हणाल्या, अहो, मालायच्या वेळी पंधरा दिवस माझ्या बाजेखाली निखारे कोण घालत होतं? कुऱ्हाड घेऊन लाकडं कोण फोडत होतं? मी म्हटलं, तो काळ वेगळा, तेव्हा मी कारकून होतो. त्या म्हणाल्या, हो, तेव्हा तुमचा उपयोग होता.

बायकोशी धोरणावर बोलू नये. संकल्प.

८ मार्च, मंगळवार. महिला दिन.

सुट्टी असूनही कार्यक्रम. माता-आरोग्यावर चाळीस मिनिटं बोललो. बाराव्या मिनिटाला बायका उठून जेवायला गेल्या. ज्यांच्यासाठी झिजायचं त्यांना काही पडलेली नाही. उरलेली अठ्ठावीस मिनिटं ड्रायव्हर सीफॉनशी बोललो. त्याने मान डोलावली. नंतर कळलं, त्याच्या कानात फुटबॉलचा सामना चालू होता.

मॅडमचे रोज ईमेल येतात. विषय: प्रकरण तीन. उघडत नाही. आठवणी करून देणारे ईमेल उघडले की एकाग्रता मोडते.

१८ एप्रिल, सोमवार.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. दोष माझा नाही. आमच्या लाओ नववर्षाच्या पाणी उडवण्यात मसुदा भिजला. काम करायला म्हणून पिकअपमध्ये घेऊन बसलो होतो, लोकांनी बादल्या ओतल्या. सहा पानं गेली. होती सहाच.

आज नामखाचा तिमाही अहवाल हाती आला. बावीस बाळंतपणं, त्यातली चौदा केंद्रात. मागच्या वर्षी याच तिमाहीत तीन. उघड थाप. इतके चांगले आकडे खरे असते तर आमच्याकडे आधी कळले नसते का?

५ मे, गुरुवार.

फोन करून चान्सुकबाईंना जाब विचारला. शांतपणे म्हणाली, खोली बांधली की साहेब. फेब्रुवारीतच. तीन बाजा आहेत. मी विचारलं, परवानगी? म्हणाली, पत्र पाठवलं होतं. मी म्हटलं, मी त्यावर 'नाही' असं लिहून पाठवलं होतं. म्हणाली, ते अजून पोचलं नाही. रस्ता खराब आहे इकडचा.

धोरण छापून यायच्या आत अंमलबजावणी. खात्याच्या इतिहासात एवढी बेशिस्त झाली नसेल.

२० मे, शुक्रवार.

लेखी आदेश रवाना. शेगडी तात्काळ काढावी, खोली औषधसाठ्यासाठी वापरावी, आगीचा धोका. प्रत जिल्ह्याला. प्रकरणापेक्षा आदेश लांब झाला, पण मजकूर भक्कम आहे.

मालायचा फोन लागत नाही. इस्पितळात पोचली असेल. माझ्या शब्दाबाहेर नाही ती.

८ जून, बुधवार.

मालाय इस्पितळात गेलेलीच नाही. जावयाने सांगितलं, तेही मी तीनदा विचारल्यावर. मास्तर लोक असेच. उद्या मी स्वतः निघतो. आधी नामखाची अचानक तपासणी, मग मुलीला गाडीत घालून इस्पितळ. दोन कामं, एक फेरी. तपासणीचा फॉर्म स्वतः तयार केलाय, अकरा पानी. बुआफान निरोप द्यायला आल्या नाहीत. मागच्या सीटवर आधीच बसल्या होत्या.

११ जून, शनिवार. नामखा.

प्रवासाबद्दल लिहीत नाही. शेवटचा घाट चिखलाखाली गेलाय. चार तास पायी. सौ. पुढे, मी मागे.

केंद्रात पोचलो. मागच्या बाजूला ती खोली. आत तीन बाजा, तिन्हींखाली निखारे. मधल्या बाजेवर मालाय.

काल पहाटे झाली. मुलगी. दहा दिवस आधीच.

१२ जून, रविवार. दुपार.

काल पुढे लिहिता आलं नाही. पेन नीट चालत नव्हतं.

मालायच्या सासूने सगळं सांगितलं, पान चघळत. म्हणाली, मी तर सूनबाईला घरीच ठेवणार होते. तुमच्या त्या इस्पितळात नसतीच पाठवली, गारठ्यात. पण इथे शेगडी आहे म्हटल्यावर आणलं. बाळ बाहेर आलं आणि रक्त थांबेना. पाट वाहावा तसं. चान्सुकने एका हाताने पोट दाबून धरलं, दुसऱ्या हाताने बर्फाच्या डब्यातून इंजेक्शन काढलं. हे सगळं किती वेळात, तर मी पान लावावं इतक्या वेळात. घरी असती तर काय झालं असतं ते बोलायचं नाही, बाळ ऐकतंय.

आणि माझं ऐकून कळा लागल्यावर तिला प्रांताच्या रस्त्याला लावलं असतं तर ती त्या चिखलापर्यंत पोचली असती. गाडीत. मी मोजून पाहिलं. पुन्हा मोजलं नाही.

चान्सुकबाईंना विचारलं, आदेश पोचला? म्हणाली, हो साहेब, हा लवकर पोचला. लिहिलंय तसं करते. बाजा रिकाम्या झाल्या की शेगड्या काढते. मी विचारलं, कधी होतील? म्हणाली, फेब्रुवारीपासून वाट बघतेय.

मग माझ्या हातात विणलेला पंखा दिला. म्हणाली, मधली विझत आलीय, जरा वारा घाला, जोरात नको, राख उडते. घातला. डोळ्यांत धूर गेला. पाईप लावलाय, तरी गेला. मालाय म्हणाली, बाबा, तुम्हाला छान जमतं हे. बुआफाननी आणखी एक लाकूड माझ्याकडे सरकवलं.

फॉर्म भरला नाही. अकरा पानं फार होतात.

२४ जून, शुक्रवार. व्हिएन्तियान.

सकाळी मॅडमना भेटलो. बाळंतशेगडीवर आधारित प्रकरण तीनची माझी नवी योजना मांडली. प्रत्यक्ष पाहणीतून सुचलेली, सव्वीस पानं, एका आठवड्यात. इतकं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. चान्सुकबाईंचा उल्लेख केलाय, तळटीपेत.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, फुवियेंग, प्रकरण तीन मार्चमध्येच झालं. चान्सुकने मलाही पत्र पाठवलं होतं. आम्ही दोघींनी फोनवर बसून लिहिलं. तुम्हाला रोज पाठवत होते, एकदा वाचून बघा म्हणून. तुमचं उत्तर आलं नाही, मला वाटलं मान्य आहे. मंजूरही झालं. सोमवारी छापायला जातंय.

मी म्हटलं, मग मी गेले तीन महिने काय करत होतो? त्या म्हणाल्या, ते मी कधी विचारलं नाही.

मग छापायची प्रत माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, शुद्धलेखन तेवढं तपासा, तुमची भाषा चांगली आहे.

चार पानं आहेत. भाषा साधी, खेडवळच म्हणायची. लाल पेन घेऊन बसलोय. दोनदा वाचून झालं, दुपार टळली. एकही चूक सापडली नाही. उद्या पुन्हा बघतो.