अर्धी दाढी

बाबा, तुमच्या गालाला मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा छत्तीस वर्षांची होते. इथे अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या घरातलं खालचं बाथरूम, कमोडचं झाकण लावून त्यावर तुम्ही बसलेले, गळ्याभोवती टॉवेल, एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर वाळून पांढरा झालेला फेस. तुम्हाला जाऊन आता पाच वर्षं होऊन गेली, पण त्या बुधवारचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. ऑफिसात मीटिंग चालू असते, समोर कोणीतरी चार्ट दाखवत असतं, आणि मला एकदम तो वाळलेला फेस दिसतो. मग मला दोनदा हाक मारावी लागते. मी म्हणते, सॉरी, रात्री झोप झाली नाही. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं. आज तेच लिहायला बसलेय, पण आधी बाकीचं.

नागपूरला आपल्या दोन खोल्यांच्या घरात तुमची दाढी म्हणजे एक समारंभ असायचा. आई चहाच्या आधी तुमच्यासाठी तांब्याभर पाणी गरम करायची. तुम्ही पंचा भिजवून, पिळून तोंडावर धरायचात आणि तसेच बसून राहायचात. मी शाळेच्या घाईत आरशापुढे वेणी घालायला यायचे तर पंचाच्या आतून म्हणायचात, "थांब ना बेटा, केस नरम होऊन राहिले." मग ब्रशने गोल गोल फेस, नवं पातं, आणि केस जिकडे उगवतात तिकडेच रेझर फिरवायचा, उलटा हात कधी नाही. दर ओढीनंतर पातं पाण्यात बुडवायचं. शेवटी गार पाणी, आणि पंचाने पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. शेजारचे काका दोन मिनिटांत दाढी उरकून सायकलवर टांग टाकायचे आणि तुमचा समारंभ अर्ध्यावरच असायचा. मला वाटायचं, पोस्टात पत्रं वेगळी करणारा साधा सॉर्टर, आणि नखरे कलेक्टरचे! आई मात्र म्हणायची, "त्यांची कातडी नाजूक आहे." ती कातडी नाजूक कशी निघाली, हे कोणाला ठाऊक होतं आणि कोणाला नव्हतं, देव जाणे. म्हणजे देव आपण मानत नाही, पण जिभेला सवय.

आई गेल्यावर, दोन हजार दोनच्या मे महिन्यात, तुम्ही पहिल्यांदा आणि शेवटचे अमेरिकेत आलात. तुमचा तो पितळी रेझर आणि पात्यांचं पाकीट तुम्ही हातातल्या पिशवीत ठेवलं होतं. आदल्या सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर विमानतळावर साधी नखं कापायची कात्री सोडत नव्हते, तिथे पाती कुठून सोडणार? रेझर, पाती काढून घेतली, ब्रश आणि साबण परत दिला. हे तुम्ही मला सांगितलं नाही. विचारलं, प्रवास कसा झाला, तर म्हणालात, "मस्त. खिडकीची जागा होती."

आणि पुढचे तीन आठवडे तुम्ही काय केलंत? माझ्या नवऱ्याने वापरून बाथरूमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलेले प्लास्टिकचे रेझर उचलून तुम्ही दाढी केलीत. जावयाच्या घरी राहायचं हेच तुम्हाला जड जात होतं, त्यात त्याच्याकडे दाढीचं सामान मागायचं म्हणजे फारच झालं. नवा रेझर मागणं हे तुमच्या हिशेबी हात पसरणं होतं, आणि त्याचा टाकलेला उचलणं हे नव्हतं. या तर्कापुढे मी आजही हात टेकते. मला कळलं ते आमच्या सहा वर्षांच्या मुलीमुळे. ती नाश्त्याच्या टेबलावर म्हणाली, "मम्मी, आजोबाज नेक इज ऑल बंपी." मी तुमचा मफलर ओढला. मे महिन्यात घरात मफलर! इथली हवा गार आहे म्हणून गुंडाळत असाल, असं मी समजत होते. हनुवटीच्या खाली सगळं लालभडक, बारीक बारीक पुटकुळ्या, दोन-तीन ठिकाणी पू. मी किंचाळलेच. तुम्ही म्हणालात, "थोडी आग होऊन राहिली, बाकी काही नाही." मग डबा, रेझर, विमानतळ, एकेक बाहेर आलं आणि मी सकाळी साडेसातला तुम्हाला जे फैलावर घेतलं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल.

औषधाच्या दुकानातल्या फार्मसिस्टने सांगितलं, आठवडाभर दाढी बंद. पण घोडं इथेच अडलं. त्या शनिवारी आमच्या मंडळींचा बुद्धजयंतीचा कार्यक्रम होता, शाळेचा हॉल घेतलेला होता, आणि मी फुशारकीने सगळ्यांना ईमेल करून ठेवलं होतं की माझे बाबा बोलणार आहेत. तुम्ही बुधवारी सकाळी आरशात बघितलंत, पांढरे खुंट, मधेमधे लाल. आणि शांतपणे म्हणालात, "मी नाही येत. या तोंडाने मी आपल्या माणसांसमोर उभा राहणार नाही." मी समजावलं, कोणी बघत नाही, इथे प्रोफेसरसुद्धा दाढी वाढवून फिरतात. तुम्ही दिवाणखान्यातल्या तसबिरीकडे बोट दाखवलंत. कोट, टाय, चष्मा, आणि स्वच्छ गुळगुळीत गाल.

नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, माझ्या ऑफिसजवळ तो म्हातारा बार्बर आहे ना, हॉट टॉवेल वगैरे देऊन मस्त शेव करतो. सेन्सिटिव्ह स्किन आहे म्हणून सांग, तो केअरफुली करेल. अपॉइंटमेंट पण लागत नाही, यार." मला केवढं हायसं वाटलं. तुम्हाला मी सांगितलं, बाबा, तुमच्यासाठी एक गिफ्ट आहे, गाडीत बसा. दुकानाच्या दाराशी तुम्ही थबकलात. मला ते थबकणं दिसलं, बाबा. पण मी म्हटलं, असेल भाषेचा संकोच. त्या बार्बरला सगळं नीट सांगितलं, तुम्हाला खुर्चीत बसवलं, त्याने तुमच्या तोंडावर वाफाळता टॉवेल ठेवला, आणि मी शेजारच्या दुकानात दूध घ्यायला गेले.

दहा-बारा मिनिटांत बाहेर आले तर तुम्ही रस्त्याच्या कडेने चालत होता. सहा पदरी रस्ता, गाड्या सुसाट, इथे पायी कोणी चालत नाही, आणि माझा बाप अर्ध्या तोंडाला फेस लावून, इस्त्रीच्या शर्टात, ताठ मानेने निघालाय. कुठे? घर सात मैलांवर. दुधाचा कॅन तिथेच टाकून मी धावले. मागून तो बार्बर दारात येऊन ओरडत होता, "सर? सर?" मी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. तुम्हाला दंडाला धरून गाडीत बसवलं, दार आपटलं, आणि मग माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते सगळं आठवतं. "लाज वाटत नाही का असं अर्ध्या तोंडाने रस्त्याने चालत जायला? हे काय तुमचं खेडं आहे? त्या माणसाने तुमचं काय वाकडं केलं होतं? लोकांनी बघितलं असतं म्हणजे?"

तुम्ही समोरच्या काचेतून बाहेर बघत होता. म्हणालात, "तेव्हाही असाच आलो होतो घरी."

मी विचारलं, तेव्हा म्हणजे कधी? आणि तुम्ही बातम्या वाचतात तशा आवाजात सांगितलंत. गावातला न्हावी आपल्या लोकांना हात लावत नसे, हे मला ठाऊक होतं. भाषणांत ऐकलं होतं, वाचलं होतं, पोस्टरवर रंगवलं होतं. पण ते सगळं कोणाचं तरी होतं. मॅट्रिकनंतर वसतिगृहाच्या प्रवेशासाठी तुमची मुलाखत होती, तुम्ही सतरा वर्षांचे होता, आणि तालुक्याला आपल्याला कोण ओळखतंय म्हणून हिंमत करून न्हाव्याच्या दुकानात शिरलात. त्याने फेस लावला. एक गाल झाला. तेवढ्यात आपल्याच गावचा एक माणूस आत आला, न्हाव्याला बाजूला बोलावून काहीतरी कुजबुजला, दोघं हसले. न्हाव्याने परत येऊन वस्तरा धुतला, पुन्हा धुतला, आणि तुम्हाला म्हणाला, ऊठ. तुम्ही बाजारातून तसेच निघालात, फेस पुसायला अंगावर धड फडकंही नव्हतं. घरी तुमच्या काकांनी जुन्या पात्याने उरलेली दाढी कोरडीच खरवडली. त्याने तोंड सुजलं, पिकलं, आणि तसल्या तोंडाने तुम्ही मुलाखतीला गेलात. पहिल्या पगारात रेझर घेतलात. त्यानंतर केस कापून घेतलेत ते काकांकडून, मग आईकडून. खुर्चीत पुन्हा बसला नाहीत, आज बसलात ते मी गिफ्ट म्हटलं म्हणून.

"याचा काही दोष नाही, बेटा," तुम्ही म्हणालात. "एक गाल झाला, फोन वाजला, तो गेला. मग दार उघडून कोणी आलं आणि ते दोघं बोलू लागले, हसले. मला माहीत होतं ते दुसरंच काही बोलून राहिले. पण पाय उठले."

मी गाडी सुरू करू शकले नाही. किल्ली हातातच राहिली. मी तुमची लाज काढली होती, बाबा, आत्ता, दोन मिनिटांपूर्वी. तुमच्या आयुष्यात तुम्हाला अर्ध्या दाढीवरून लाज वाटायला लावणारी दोन माणसं झाली, एक तो तालुक्याचा न्हावी आणि दुसरी तुमची पोटची मुलगी.

घरी आलो. मी म्हटलं, दुसरा गाल मी करते. तुम्ही नको म्हणाला नाहीत. हेही मला धक्क्यासारखंच लागलं, कारण तुम्ही मला कधी साधे पाय दाबू दिले नव्हते. वाटेत घेतलेला नवा रेझर मी हातात धरला, आणि तुम्ही बसल्या जागेवरून मला शिकवू लागलात. "वाळलेला फेस आधी धू. टॉवेल गरम कर, चटका नाही बसला पाहिजे. ठेव. आता थांब. घाई करशील तर केस ओढल्या जातात." मी थांबले. ब्रशने फेस केला. "बोटाने बघ, केस कुठल्या बाजूला पडतात ते. मानेवर वेगळे पडतात." मी बोट फिरवलं. तुमचा गाल मऊ होता, खालची पुरळाची जागा गरम. "दाबू नको. रेझरला त्याच्या वजनाने जाऊ दे. जिथे फोड आहे तिथून नाही, बाजूने. दोनदा एकाच जागी फिरवू नको, राहिलं तर राहिलं." मी एकेक ओढ घेत होते आणि पातं धूत होते, आणि माझ्या डोळ्यांचं पाणी तुमच्या टॉवेलवर पडत होतं. तुम्ही डोळे मिटले होते, मग डोळे न उघडताच म्हणालात, "तुझा हात हलका आहे. आईचा जड होता."

शनिवारी तुम्ही कोट घातलात. हॉलमध्ये शंभरेक माणसं होती, निम्मी पोरं कोपऱ्यात चिप्स खात होती. मला वाटलं होतं तुम्ही पंचशीलावर बोलाल. तुम्ही तालुक्याच्या बाजारातली अर्धी दाढी सांगितलीत, आणि मग ट्रॉयमधली पण. माइकवरून, माझ्या मित्रमैत्रिणींसमोर, काहीही न वगळता. माझ्या हातातला कागदी ग्लास चेपला गेला. एका पोराने हात वर करून विचारलं, "व्हाय डिडन्ट यू टेल द मॅनेजर?" सगळे हसले, तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात. मग त्याला खाली वाकून उत्तर दिलंत, "बेटा, मॅनेजर पण तोच होता." माझ्या सोबत काम करणारी, आपल्यातलीच एक मुलगी माझा हात धरून रडत होती. मी मात्र दगड झाले होते. हे असं, इतक्या सहज, चारचौघांत बोलता येतं?

तुम्ही ऑगस्टात परत गेलात आणि पुढच्या जानेवारीत झोपेतच संपलात. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. या पत्राला पत्ता नाही. बिनपत्त्याची पत्रं तुम्ही सॉर्टिंगला कुठल्या खान्यात टाकायचात, तेही कधी विचारलं नाही. हे पत्र माझ्या टेबलाच्याच खणात राहील. आणि पत्ता असता तरी पुढचं लिहिल्यावर मी ते पेटीत टाकलं नसतं.

बुधवारी त्या गोंधळात, दाढीसाठी काढलेला तुमचा चष्मा दुकानात राहिला होता. गुरुवारी लंच टाइममध्ये मी तो आणायला गेले, तुम्हाला वाटलं गाडीत सापडला. तो बार्बर चष्मा रुमालात गुंडाळून माझी वाटच बघत होता. म्हणाला, रात्रभर झोप नाही, तुझ्या वडिलांना मी कुठे कापलं का? कातडी फार नाजूक होती, मी जपून करत होतो. बायको दवाखान्यात आहे, तिथून फोन आला म्हणून घ्यावा लागला. माझं काही चुकलं का? सत्तरीचा माणूस, हात जोडल्यासारखे समोर धरून उभा. मला तेव्हा सगळं ठाऊक होतं, बाबा, आदल्या दिवशीच तुम्ही सांगितलं होतं. इंग्रजीत चार वाक्यं झाली असती. मी म्हटलं, "नो, नो, ही जस्ट गॉट डिझी. जेट लॅग." येऊन तीन आठवडे झालेल्या माणसाला जेट लॅग! मला लाज वाटली, आणि ती त्याची नाही, आपलीच वाटली. ऑफिसात आडनावावरून कोणी मराठी माणूस खोदून विचारू लागला की जी वाटते, तीच.

त्याला हायसं वाटलं. दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, उरलेली बाजू माझ्याकडे बाकी आहे, त्यांना सांग, केव्हाही या, मी स्वतः करीन, फोन उचलणार नाही.

तो निरोप मी तुम्हाला दिला नाही. तुम्ही नक्की गेला असतात, बाबा, आणि त्या खुर्चीत बसून त्याला खरं काय ते सांगितलं असतंत. म्हणूनच नाही दिला.