गाडी निघाली आहे

दादा,

आई जिन्यावरून पडली. पाठीला जबर लागलंय, हलवायची सोय नाही. शेजारचे काका कुठे गाडी मिळते का बघायला धावलेत आणि मी तिच्याजवळ फरशीवर बसून हे लिहितेय. पाठवणार नाहीच. फोनही करवत नाही, कारण तू पहिलं हेच विचारशील की ॲम्ब्युलन्स निघाली का.

मी आमच्याच ॲम्ब्युलन्स कंट्रोल रूमला फोन लावला. माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरीनं उचलला. आवाज न ओळखता गोड सुरात म्हणाली, “काळजी करू नका, गाडी निघाली आहे.” दादा, गाडी खरंच निघाली की आम्ही ड्रायव्हरचा नंबर देतो. एकही गाडी मोकळी नसली की नुसतं हे वाक्य देतो. तिनं नंबर दिला नाही. हे वाक्य तिच्याकडून मीच घोटून घेतलं होतं. मी कोण ते सांगितल्यावर ती रडायलाच लागली.

कामापायी मनाला किती जखम होते, ते मोजायला गेल्या आठवड्यात ऑफिसात एक बाई आल्या होत्या. “असं खोटं बोलताना किती त्रास होतो? शून्य ते दहा.” मी दोन म्हटलं. वर शहाणपणानं म्हटलं, “लोकांना तेवढाच धीर येतो हो.”

आत्ता आईनं डोळे उघडले. “गाडी येतेय ना गं?”

माझ्या तोंडून तोच गोड सूर निघाला. “निघाली आहे, आई.”

तिनं घट्ट धरलेला माझा हात सोडला आणि शांत पडून राहिली. तिला धीर आला, दादा.

तुझी
धाकटी