टेबलाच्या पायाला प्लॅस्टर

सूनबाई,

जेवणाच्या टेबलाचा एक पाय प्लॅस्टरमध्ये दिसेल. घाबरू नकोस, मोडलेला नाही.

काल हॉस्पिटलात तू माझ्या मनगटाला प्लॅस्टर घालत होतीस तेव्हा चटका बसला आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, "पाणी उकळून आणलंस की काय?" नळाचंच गार पाणी आहे, म्हणालीस. मी ऐकलं नाही. घरी येऊन तू न जेवताच झोपलीस.

मला काही चैन पडेना. सकाळी तुझ्या कपाटातली प्लॅस्टरची पट्टी घेतली, नळाच्या पाण्यात बुडवली आणि एका हाताने जमेल तशी टेबलाच्या पायाला गुंडाळली. आत तापाचा थर्मामीटर खोचला. नुसत्या पाण्यात तो आकडाच दाखवत नव्हता. दहा मिनिटांनी बघतो तर एकशे तीन! लाकडाला ताप!

मग डोक्यात प्रकाश पडला. पट्टीतली ही पावडर करताना दगड भाजून त्यातलं पाणी घालवतात. पाणी परत मिळालं की तिचा पुन्हा दगड होतो आणि होता होता उष्णता बाहेर पडते. तीस वर्षं वर्गात कळीच्या चुन्यात पाणी ओतून पोरांना हेच दाखवलं, आणि स्वतःच्या हातावर आलं तेव्हा ओळखलं नाही.

थर्मामीटर आतच अडकलाय, प्लॅस्टर कापून तेवढा काढ.

आज तुझी सुट्टी, म्हणून उठवलं नाही. मी तुझ्या हॉस्पिटलात चाललोय. कालचे पेशंट आता भेटायचे नाहीत, पण डॉक्टर आणि वॉर्डबॉय तरी भेटतील. ओरडलो त्यांच्यासमोर, तेव्हा चूकही तिथेच कबूल करतो.

अण्णा