पन्नासावा अंगठा

मुरुड, मार्गशीर्ष वद्य षष्ठी

ती. सौ. रुद्राणीअक्का,

धाकट्या गुरुपादप्पाचे शरणू शरणार्थी. इकडे आम्ही पाण्यावाचून खुशाल आहोत. तिकडे हिमायतनगरात दाजींचा गुडघा आणि तुमची विहीर कशी आहे ते कळव. (पत्त्यावर तू अजून जिल्हा उस्मानाबाद लिहितेस. आपला लातूर जिल्हा केव्हाच झाला. तुझी पत्रं आधी तिकडचा पाहुणचार घेऊन मग इकडे येतात.) यंदा दुष्काळ, रानात हिरवं काही नाही, मग वेळा अवसेला शेतात पूजा कशाची करायची, म्हणून येळवशीला येत नाही असं तू लिहिलंस. आईनं ते दोनदा वाचून घेतलं आणि चूल सारवायला बसली. कालच सारवलेली होती.

आता माझी हकिकत. करडईच पिकली नाही, तेव्हा तेलाची गिरणी बंद पडली आणि मी घरी बसलो. अशात कुणीतरी सांगितलं की रोजगार हमीत काम मागायचं. पंधरा दिवसांत सरकारनं काम दिलं नाही, तर बेकारीचा भत्ता मिळतो. मी म्हटलं, अर्ज करावा, भत्ता लागावा, आणि रिकामाच आहे तर मुराळी होऊन हिमायतनगरला जावं, अक्काला येळवशीला घेऊन यावं. पण चांगली गोष्ट एकट्यानं खायची मला सवय नाही (याला आई जबाबदार). मी गल्लीभर हिंडून सगळ्यांना योजना समजावली. शेजारचे मडिवाळप्पा सही करताना म्हणाले, "काम मागायचं आन् ते मिळू नये म्हनून म्हादेवाला साकडं घालायचं, असली योजना म्या बापजन्मात पाह्यली न्हाई." तरी त्यांनी सही केली, आणि खरंच महादेवाला जाऊन आले. लोक इतक्या भक्तिभावानं काम टाळताना मी कधी पाहिले नव्हते. शेवटी मी आईचाही अंगठा घेतला.

तिथंच घात झाला. ग्रामसेवक हसत घरी आले. म्हणाले, "पन्नास मानसं झाल्याबिगर नवं काम काढता येत न्हाई. मी कवाधरनं वाट बघून राहिलो. तुमच्या आईचा अंगठा पन्नासावा. सोमवारपासून पाझर तलाव." (हे कलम मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.) काम नाकारलं तर भत्ताही नाही. म्हणजे आख्खी गल्ली मी माझ्या हातानं टोपल्याखाली दिली. मडिवाळप्पा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. माझ्याकडे पाठ करून मातीशी बोलतात, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. आईला मात्र बाभळीच्या सावलीत लेकरं सांभाळायचं काम मिळालंय. ती तिथं तहसीलदारासारखी बसते.

अक्का, तलाव माळावर आहे, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायचं काम होतं त्याच्या पलीकडे. दुपारी भाकरी सोडली की मला तेच दिसतं. आई खडी फोडायची, तू टोपलं उचलायचीस आणि माझ्या डोक्यावर ओलं फडकं टाकायचीस. सरकारची ती गोड कोरडी सुकडी वाटायला लागले की आपण रांगेत उभे राहायचो. वाईट दिवस होते, सगळे म्हणतात. मला का कोण जाणे, ते फार आठवतात. तू होतीस म्हणून असेल.

दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
गुरुपादप्पा

ता. क. अंगाला माती लागली की भूक चांगली लागते. भत्ता मिळाला नाही त्याचं फार दुःख नाही, हे मडिवाळप्पांना कळवू नये.

ता. क. दुसरं. येळवशीला कामाला सुट्टी आहे, पण एका दिवसात हिमायतनगरला जाऊन येणं होत नाही, आणि खाडा केला तर काम जातं. त्यामुळे मुराळी येणार नाही. तरी तू ये. मुराळ्यावाचून माहेरी कशी जातेस असं सासूबाईंनी विचारलं, तर हे पत्र पुढं कर. रानात पीक नाही, म्हणून गल्लीनं ठरवलंय की पूजेची कडब्याची कोपी तलावाच्या भरावावर उभी करायची. आंबिलीचं मडकं आईनं धुऊन ठेवलंय.

ता. क. शेवटचं. तू तुझी सुकडी मला देऊन म्हणायचीस, माझं पोट भरलंय. आता दिवसभर टोपली उचलल्यावर कळतंय, भरलेलं नसणार. ये अक्का. या वेळी मी वाढतो.